गळ टाकण्याआधी

तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर एकदा तरी येऊन गेला असणार. अमेरिकेतलं कुठलं तरी मोठं तळं, पहाटेचं धुकं, बोटीत दोन हौशी गिऱ्हाइकं आणि त्यांच्यासोबत टोपी घातलेला एक गाईड. तो पाण्याकडं बघतो, बोटानं एक जागा दाखवतो आणि म्हणतो, तिथं टाका. गळ पडतो, काठी वाकते आणि हिरवट अंगाचा, भल्यामोठ्या जबड्याचा बास पाण्याबाहेर उसळी घेतो. फोटो निघतो, मासा परत पाण्यात जातो, गिऱ्हाईक खूश. तुम्ही तो व्हिडिओ मित्राला पाठवता आणि खाली लिहिता, ‘भावा, राधानगरीला हे सुरू केलं तर? नाद खुळा होईल!’

कल्पना वाईट नाही. कोल्हापूरला पाण्याची काय कमतरता? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीपाशी एकत्र येऊन पंचगंगा होते. तिकडं वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आहेत. राधानगरी, काळम्मावाडी, पाटगावची धरणं आहेत. सह्याद्री आहे, रस्ते आहेत, आणि सुट्टीत काही वेगळं करायला पैसे मोजणारी पुण्या-मुंबईची माणसंही आहेत. शिकून झाल्यावर गावातच काही करता आलं तर कुणाला नको आहे? म्हणून ही कल्पना आम्ही हसण्यावारी नेणार नाही. उलट ती मनावर घ्या, असंच म्हणू. पण मनावर घ्यायची तर त्या व्हिडिओत जे दिसत नाही, तेही नीट बघायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे, तो गाईड विकतो काय? मासा तर तो विकत नाही. मासा लागेल याची हमीसुद्धा देत नाही. तो विकतो त्या एका तळ्याची माहिती. क्रॉपी नावाचा मासा वसंतात पाणी कोमट व्हायला लागलं की अंडी घालायला उथळ पाण्यात येतो आणि बुडालेल्या झाडांच्या फांद्यांजवळ घोळका करून राहतो. बास दगडाच्या, ओंडक्याच्या, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो. वारा फिरला, ऊन चढलं, पाणी उतरलं की दोघांच्याही जागा बदलतात. हे सगळं त्या माणसाला वर्षानुवर्षं एकाच पाण्यात राहून कळलेलं असतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते या अनुभवाचे.

दुसरी गोष्ट, त्या काठीमागं एक व्यवस्था उभी असते. तिथं गळ टाकायला परवाना लागतो. कुठला मासा किती लांबीचा आणि दिवसाला किती ठेवायचा, याचे नियम प्रत्येक राज्यानं केलेले असतात. १९५० साली अमेरिकेत एक कायदा झाला. मासेमारीच्या काठ्या, रिळं, गळ यांच्यावर बसणाऱ्या केंद्रीय कराचा पैसा माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागला. म्हणजे हौस करणारा माणूस त्या हौशीतूनच पाण्याची देखभाल करतो. व्हिडिओत दिसते ती फक्त उसळी. तिच्यामागचा हा हिशेब तीस सेकंदांत मावत नाही.

आता इथं एक मोह होतो. कल्पना आणायचीच आहे तर मासाही आणू की! बास आणि क्रॉपी दोन्ही मूळचे उत्तर अमेरिकेचे. चार पिल्लं कुठून तरी मिळवून धरणात सोडली तर काय बिघडलं? काय बिघडतं, ते जपानला विचारा. १९२५ साली तिथल्या आशी सरोवरात बास सोडला गेला. हौशी लोकांनी पुढं तो एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेला. बास पट्टीचा शिकारी. त्याच्या तोंडात मावेल तो स्थानिक मासा त्यानं खाल्ला. शेवटी २००५ साली जपानमध्ये परक्या घातक जीवांविरुद्धचा कायदा लागू झाला आणि त्या यादीत बास आला. बिवा हे जपानचं सगळ्यात मोठं सरोवर. तिथं तर बास गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नका, असा नियम करावा लागला.

बास-क्रॉपीच्याच कुळातला ब्लूगिल नावाचा एक मासा आहे, त्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना हे मासे भेट दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. लोकांना खायला चांगला मासा मिळेल, या भावनेनं ते मासे वाढवायला दिले गेले. तिथून ते पसरले आणि बिवाच्या मूळ माशांच्या मुळावर उठले. २००७ साली बिवाच्या काठावरच्या एका समारंभात सम्राट अकिहितोंनी याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. हेतू चांगला, माणूस जाणकार, तरी व्हायचं ते झालंच. पाण्यात सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.

जपान लांब वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट ऐका. दख्खनच्या नद्यांत खडशी म्हणजे महसीर हा दणकट मासा असतो. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘खुद्री’. हा शब्द इथल्याच लोकांच्या तोंडचा. पुढं धरणं झाली, वाहत्या पाण्यात वाढणारा हा मासा कमी होत गेला. मग लोणावळ्यात टाटांच्या तलावावर त्याची पैदास सुरू झाली. हे काम मोलाचंच होतं. पण तिथं तयार झालेली पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. त्याला बघायला आणि गळानं पकडायला जगभरातून लोक यायचे. बाहेरून आलेला आपला खुद्री तिथं भराभर वाढला आणि कुबडवाला मागं पडत गेला. त्याची शास्त्रीय ओळख पटायलाच २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जागतिक यादीत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीसुद्धा कारणं आहेतच. पण बघा, एका नदीत जपायचा मासा दुसऱ्या नदीत उपरा ठरला. तोही एकाच देशात, शेजारच्या राज्यात.

ही गोष्ट कोल्हापूरला लागू होते का? शंभर टक्के होते. आपण ज्यांना ‘आपले’ मासे म्हणतो ते कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेच्या बाजूचे. आपल्या तलावांत ते मत्स्यबीज सोडून आणलेत. चिलापी आफ्रिकेतली. आफ्रिकन मागूरवर तर सरकारनंच बंदी घातली आहे. आणि इथलं खरं धन कुठं आहे? ते डोंगरातल्या ओढ्यांत, दगडांखाली आहे. आजरा-गडहिंग्लजकडं वाहत येणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडाजवळ बोटाएवढा एक मासा सापडला. २०२० साली त्याचं नाव पडलं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. इतकी वर्षं लोक त्या कुंडावर दर्शनाला जात होते आणि पायाशी असलेला मासा जगाला माहीत नव्हता. आपल्या ओढ्यांत असं अजून काय असेल, हे कळायच्या आत वरून एखादा शिकारी मासा सोडणं म्हणजे वाचायच्या आधीच पुस्तक जाळणं. घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मोठा झाला, कंटाळा आला म्हणून रंकाळ्यात सोडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

तर मासा आणायचा नाही. मग गाईड? तोसुद्धा आणायला नको. तो इथंच आहे. बंधाऱ्यावर, धरणाच्या काठाला, होडीत. भोई-कोळी समाजातली आणि मच्छीमार सहकारी संस्थांतली माणसं पिढ्यान्पिढ्या या पाण्यावर जगत आलीत. मरळ कुठल्या गवताच्या कडेला पिल्लं सांभाळत फिरते, वाम रात्री कुठल्या दगडातून बाहेर येते, शिंगट्याला कुठलं आमिष लागतं, कुठल्या डोहात पाय घालायचा नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. कृष्णा-वारणेच्या काठाला मगरी आहेत, त्या कुठं ऊन खात पडतात हे तुमचं मॅपचं अॅप सांगणार नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि भोगावतीचं पाणी चढतं. अशा वेळी नदीपात्रात काठी घेऊन उभ्या असलेल्या पोराला हाताला धरून बाहेर काढणारा माणूस, तो खरा गाईड.

पण इथं दोन खेळ होऊ शकतात. एका खेळात तुमच्यापैकी कुणीतरी कंपनी काढेल, झकास पान तयार करेल, माणशी हजारो रुपये घेईल आणि या माणसाला दिवसाची हजेरी देऊन होडी वल्हवायला ठेवेल. माहिती त्याची, पाणी त्याचं, नाव आणि नफा दुसऱ्याचा. दुसऱ्या खेळात तो भागीदार असेल, दर ठरवताना समोर बसलेला असेल. आमचं म्हणणं सरळ आहे. पहिला खेळ खेळायचा असेल तर खेळूच नका. आणि यात नुसता चांगुलपणा नाही, व्यवहारही आहे. धरणांतली, तलावांतली मासेमारी बऱ्याच ठिकाणी ठेक्यानं मच्छीमार संस्थांकडं असते. ते पाणी मोकळं कुरण नव्हे. त्यांची जाळी लागलेली असतात, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. संस्थेची परवानगी न घेता तिथं गिऱ्हाइकं नेली तर भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात न्याय तुमच्या बाजूला नसेल. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याला विचारल्याशिवाय गळ काढायचाच नाही.

कावेरीवर हे कसं घडलं ते बघण्यासारखं आहे. भीमेश्वरी, गलिबोरे इथं महसीरसाठी कॅम्प उभे राहिले. मासा धरायचा, मोजायचा, परत सोडायचा. पूर्वी चोरून मासे मारणारी गावातली माणसंच तिथं गाईड झाली, कारण मासा कुठं असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जिवंत मासा रोजगार देतो म्हटल्यावर तीच माणसं त्याची राखण करू लागली. पुढं वन्यजीव कायद्याच्या मुद्द्यावरून तिथली गळाची मासेमारी बंद झाली. कोण बरोबर, कोण चूक, यावर आजही दोन मतं आहेत. पण धडा दोन्ही बाजूंनी आहे. गावाला वाटा दिला तर मासा राखला जातो. आणि बाहेरचा मासा सोडायची चूक केली तर राखणदारीसुद्धा मूळ माशाला वाचवू शकत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. समजा, सगळं नीट जमलं. गाईड तयार, काठ्या तयार, गिऱ्हाईक पुण्याहून निघालं. तुम्ही त्याला पंचगंगेवर कुठं नेणार? उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागं पाणी तुंबतं. त्यात शहरांचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं पाणी येतं. ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग एखाद्या सकाळी मासे तोंड वर करून तडफडताना दिसतात आणि दुपारपर्यंत पांढरी पोटं तरंगायला लागतात. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याचं नाव अशा बातम्यांत तुम्ही किती वेळा वाचलंय? बातमी येते, पाण्याचे नमुने घेतले जातात, बरगे काढून पाणी पुढं ढकललं जातं आणि तीच घाण खालच्या गावाला पोचते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मासा हा नदीचा थर्मामीटर आहे. तो मरतो तेव्हा ताप नदीला असतो. आणि ती नदी आपण पितो.

म्हणूनच आम्हाला ही मासेमारीची कल्पना महत्त्वाची वाटते. नदी स्वच्छ करा, हे सांगणारे फलक खूप झाले. मोर्चे, निवेदनं, मानवी साखळ्याही झाल्या. पण नदीत मासा जिवंत असण्यावर ज्याची चूल पेटते, त्याच्याइतका जागता पहारेकरी दुसरा कुणी नसतो. आज तो पहारेकरी एकटा आहे. मासे मेले की नुकसान त्याचं होतं आणि बाकीचं शहर नाकाला रुमाल लावून पुलावरून पुढं जातं. त्याच्या शेजारी शंभर कॉलेजची पोरं उभी राहिली, ज्यांना त्या डोहातले मासे नावानिशी माहीत आहेत, तर तक्रारीचं वजन बदलतं.

त्यासाठी फार भांडवल लागत नाही. एक तलाव निवडा. तिथल्या संस्थेशी बोला. ट्रिपमध्ये त्यांचा वाटा आधी ठरवा आणि लिहून ठेवा. गळाचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाका, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. मासा धरण्याआधी हात ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडल्यावरही तो रोगानं मरतो. फोटोसाठी त्याला मिनिटभर हवेत धरू नका. तेवढा वेळ तुमचं नाक दाबून बघा, कळेल. चिलापी लागली तर खुशाल घरी न्या, रस्सा करा. खडशी लागली तर परत सोडा. आणि प्रत्येक माशाची वहीत नोंद करा: जात, लांबी, जागा, तारीख, ठेवला की सोडला. अशा वह्या पाच वर्षं भरल्या तर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि नदीसाठी भांडणाऱ्यांना दाखवण्यासारखा पुरावा तयार होतो.

एक पथ्य मात्र जड जाईल. पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे धरायची आपल्याकडं कोण हौस! ओढ्याच्या तोंडाला जाळी, बुट्टी, मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन लोक उभे राहतात. पण तो मासा प्रवाहाविरुद्ध चढतो तो अंडी घालायला. पोटात पुढची पिढी घेऊन आलेला तो मासा आपण वाटेतच उचलतो. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, ती याच कारणानं. ओढ्यावर तसा पहारा बसवणं कठीण, म्हणून तो आपला आपण बसवायचा. तुमच्या ट्रिपा पावसाळ्यात बंद ठेवा, आणि का बंद आहेत ते गिऱ्हाइकाला सांगा. चांगलं गिऱ्हाईक उलट तुमच्यावर जास्त विश्वास ठेवेल.

गावातला एखादा आजोबा तुम्हाला विचारेल, ‘धरून परत सोडायचा? मग धरायचा कशाला रं?’ या प्रश्नाला हसू नका, तो खरा प्रश्न आहे. भुकेसाठी मासा मारणं त्याला कळतं, हौसेसाठी जिवाला त्रास देणं कळत नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. कडक उन्हाळ्यात, कोमट पाण्यात बराच वेळ खेळवून दमवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. ज्याला हे पटत नाही त्यानं काठी हातात घेऊच नये, दुर्बीण घ्यावी. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून महसीर राखलेत. तिथं कुणी गळ टाकत नाही, लोक काठावरून खाऊ टाकतात आणि हात जोडतात. मासा बघण्याची ही रीत आपल्याकडं आधीपासून आहे. आम्ही फक्त एवढंच म्हणू की, ज्याला गळ टाकायचाच आहे त्यानं आजोबांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असा टाकावा.

येत्या रविवारी एक करा. काठी, रील, कॅमेरा काही नेऊ नका. मित्राला घ्या आणि तुमच्या जवळच्या बंधाऱ्यावर किंवा तलावावर पहाटे जा. होडी काठाला लागेल तेव्हा त्या काकांना म्हणा, ‘काका, जाळ्यात आज काय काय घावलं, दावता का?’ दहा माशांची नावं विचारा. कुठला पूर्वी असायचा आणि आता दिसत नाही, तेही विचारा. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघाली, तर तुमचा धंदा कुठून सुरू करायचा हे तुम्हाला तिथंच कळेल.